खोली हवी आहे, भांडणासकट

रविवार, २८ तारीख

तीर्थस्वरूप मोठ्या जाऊबाईंना धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिला आहे, घातलेला नाही. या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये माणूस आडवा मावत नाही, आणि माझा उजवा गुडघा तुम्हाला माहीत आहे. मनातून घातला आहे, तो गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? कानाचे थेंब घालता आहात की बाटली कपाटात ठेवून ‘आता बरं आहे’ म्हणता आहात? भाऊजींचा खोकला कमी असेलच, कारण तो फक्त मी घरात असताना वाढायचा, घरची नर्स फुकट जाऊ नये म्हणून. आमची लेक मजेत असेल. (नसेल तर तुम्ही कळवणार नाही, आणि असेल तर ती कळवणार नाही.) तुमचे धाकटे दीरही कसे आहेत ते कळवा, ते स्वतः फोनवर हवामान सांगतात.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ विचारता, मी ‘जेवले’ म्हणते, आणि तिसऱ्या वाक्याला तुम्ही फोन जो कोणी जवळ असेल त्याच्या हातात देता. मागच्या वेळी तर तो गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातात दिलात. (तो भला माणूस होता. त्यानेही जेवलात का विचारलं.) पत्र तुम्हाला असं दुसऱ्याला देता येणार नाही, म्हणून पत्र.

तर त्याच फोनवर तुम्ही विचारलंत, राहायचं ठिकाण कसं आहे, आणि मी ‘छान आहे’ म्हणून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की हे माझं चौथं ठिकाण आहे. भाषेच्या शाळेत एक कचेरी आहे, तिथल्या चष्मेवाल्या बाई विद्यार्थ्यांना राहायच्या जागा देतात. जागा तीन वेळा बदलता येते, चौथ्यांदा मागितली तर त्या चष्मा काढून बघतात. माझे तिन्ही बदल संपले. येत्या महिन्याच्या वीस तारखेला तोंडी परीक्षा आहे. साठ गुण मिळाले तर इथल्या वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी; नाही मिळाले तर परतीचं विमान, आणि घरी सगळे ‘म्हटलं नव्हतं का’ म्हणायला दारात उभे. सेहेचाळिसाव्या वर्षी नवी भाषा शिकायला निघाले तेव्हा सगळ्या घराने डोक्याला हात लावला होता. तुम्ही एकट्या म्हणालात, जाऊ दे तिला, जीभ तर तिची चांगलीच चालते. ते कौतुक होतं की टोमणा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विमानात मी ते कौतुक धरलं.

पहिली जागा मी स्वतः हट्टाने मागितली. आपल्याच भाषेच्या तीन नर्स एका घरात राहत होत्या, चौथीची जागा रिकामी होती. काय सांगू तुम्हाला, स्वर्ग. कुकरच्या शिट्ट्या, एकमेकींच्या सासवा, चारचौघींचं हसणं. पाच आठवडे मी एकही परका शब्द न बोलता काढले. वर्गात शिक्षिका विचारायच्या, काल काय केलंत, तर आम्ही चौघी ओळीने तेच एक पाठ केलेलं वाक्य म्हणायचो, मी बाजारात गेले. शिक्षिकांना वाटत असावं की आम्ही बाजारातच राहतो. शेवटी जिना पुसणारी बाई एक दिवस मला पाहून म्हणाली, ‘थांब गं, ओलं आहे.’ चक्क मराठीत. आम्ही तिची भाषा शिकायला समुद्र ओलांडून आलो आणि ती जिन्यात उभी राहून आमची शिकून मोकळी झाली. मला भर दुपारी लाज वाटली. बॅग भरली.

दुसरी जागा एका कुटुंबात. नवरा, बायको, दोन मुलं, सगळी इतकी सभ्य की शिंकलं तरी माफी मागायची. आता आमच्या वर्गाची गंमत ऐका. वर्ग नर्सेसचा, त्यामुळे पुस्तकातली वाक्यंही तशीच. कुठे दुखतं? कधीपासून? हात वर करा. दीर्घ श्वास घ्या. बाकीची वाक्यं आठव्या धड्यानंतर येणार होती आणि मी तिसऱ्यात होते. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प. काहीतरी बोलावं म्हणून मी घरमालकाला विचारलं, कुठे दुखतं? तो दचकला आणि मग पाठ दाखवून बोलायला लागला. मी विचारलं, कधीपासून? तो आणखी बोलला. त्याची बायको चमचा हातात धरून ऐकत राहिली, बहुधा तिला हे सगळं नवीन होतं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी स्टूल घेऊन माझ्यासमोर बसू लागला. मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण राउंडला डॉक्टर बोलत असताना मान कशी हलवायची याचा चोवीस वर्षांचा अनुभव पाठीशी. योग्य जागी ‘हो’, योग्य जागी ‘दीर्घ श्वास घ्या’.

चौथ्या आठवड्यात चष्मेवाल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि हळूहळू, खुणा करत सांगितलं, ते असं. पाठदुखी दोन दिवसांतच बरी झाली होती. नंतरचे दिवस तो माणूस मला त्याच्या नोकरीबद्दल सांगत होता, आणि मी त्याला हात वर करायला सांगत होते. आता त्याने माझ्या सल्ल्याने ती नोकरी सोडली. घरात कुणी रागावलेलं नाही म्हणे, उलट त्याच्या बायकोने मला फुलं आणून दिली. पण मला त्या फुलांकडे बघवेना. माणूस मन मोकळं करत होता आणि मी नुसती मान डोलावत होते. रुग्णाशी मी असं कधी वागले नाही. बॅग भरली.

मग ठरवलं की आता कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक स्वतंत्र खोली घेतली. एक खिडकी, एक शेगडी, एक मी. या जागेबद्दल फार लिहिणार नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. शब्द पाठ केले. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कपाटावर ‘कपाट’, आरशावर ‘आरसा’. महिनाभर मी फक्त किटलीशी बोलले, तेही मराठीत. जाऊबाई, तुम्हाला म्हणून सांगते, त्या खोलीत मी रडले. एकदा नाही, पुष्कळदा. आपल्या घरात मला रडायचं तर न्हाणीघरात जावं लागायचं आणि तरी तुम्ही बाहेरून बादली आपटून विचारायचात, झालं का? इथे कितीही वेळ रडायला मोकळीक होती आणि कुणी बादली आपटत नव्हतं. सराव परीक्षेत शंभरपैकी एकतीस गुण पडले. शिक्षिका म्हणाल्या, शब्द तुमच्याकडे भरपूर आहेत, पण वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत तुम्ही तोंड उघडत नाही, आणि तोवर समोरचा माणूस निघून जातो.

शेवटचा बदल उरला होता. चष्मेवाल्या बाईंनी यादी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या की एकच घर रिकामं आहे, पण तिथे अकरा दिवसांपेक्षा जास्त कुणी टिकलेलं नाही. घरमालकीण चौऱ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं एका मोठ्या धुलाईघरात इस्त्री विभागाची प्रमुख होती. (मी तिला मनात इस्त्रीवाली म्हणते, ती मला काय म्हणते ते पुस्तकात नाही.) पहिल्या दिवशी मी चहाचा कप धुतला, तिने तो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा धुतला. ओलं फडकं मी नळावर टाकलं, तिने ते उचलून तीन घड्या घालून दांडीवर टाकलं आणि माझ्याकडे पाहून नाकातून हवा सोडली. आणि मला एकदम लग्नानंतरचा पहिला आठवडा आठवला, तुम्ही माझ्या हातातून केरसुणी काढून घेतली होतीत तो. म्हटलं, चला, घरोघरी मातीच्या चुली. परदेशात प्रथमच मला घरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत शिरली आणि मी घातलेली चादर तिने ओढून काढली. चादर, जाऊबाई. इतर काहीही चाललं असतं. कोपरा दुमडून गादीखाली असा खोचायचा की त्यावर नाणं टाकलं तर उडालं पाहिजे, हे आमच्या मेट्रनने मला शिकवलं, आणि तुम्हाला माहीत आहे मी यात कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझं डोकं फिरलं, आणि वाक्य मनात जुळवायच्या आत तोंडातून बाहेर पडलं, ‘मी चोवीस वर्षं चादरी घालते आहे, तुम्ही फक्त धुतल्या.’ त्यांच्या भाषेत. त्यात तीन चुका होत्या. इस्त्रीवालीने आधी तिन्ही चुका सुधारल्या, माझ्याकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, आणि मग भांडायला सुरुवात केली. पाऊण तास चाललं. मी हरले, पण घाम पुसताना लक्षात आलं की पाऊण तास मी बोलत होते.

तेव्हापासून आम्ही रोज न्याहारीनंतर भांडतो. विषय कमी पडत नाहीत. खिडकी किती उघडायची, टॉवेल कुठल्या बाजूने वाळतो, म्हातारपणी जिना चढावा की नाही. इतर भाडेकरू अकराव्या दिवशी पळाले, कारण त्यांना वाटलं ती त्यांना हाकलते आहे. बावीस वर्षं तुमच्या हाताखाली काढलेल्या बाईला एवढं कळतं की ज्याला हाकलायचं असतं त्याचं फडकं कुणी घडी करून ठेवत नाही. गेल्या सराव परीक्षेत अठ्ठावन्न पडले. पास व्हायला साठ.

मागच्या मंगळवारी मात्र ती गप्प होती. मी मुद्दाम फडकं नळावर टाकलं, तरी गप्प. हात लावून पाहिलं तर अंग तापलेलं. मी विचारलं, कुठे दुखतं? या वेळी उत्तर कळलं. सगळीकडे, ती म्हणाली, पण आधी ही चादर नीट घाल. मी माझ्या पद्धतीने घातली. तिने चालवून घेतली, तेव्हा मला खरी भीती वाटली. दोन दिवस शाळेतून रजा काढून तिच्या उशाशी बसले. आता बरी आहे, काल तिने कोपरे पुन्हा उपसले आणि मी देवाला हात जोडले.

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, लेकीला एक पापा आणि एक धपाटा, दोन्ही तुमच्या हातून. तुमच्या धाकट्या दिरांना इथलं हवामान सांगा, थंडी आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. एकतीस गुणांचं घरात कुणाला सांगू नका. अठ्ठावन्न सांगा, पण आधी ‘शंभरपैकी’ म्हणू नका.

ता. क. आणखी एक. इस्त्रीवाली तुमच्यासारखी आहे असा पत्राचा सूर लागला असेल तर तो चुकीचा आहे. ती कधीकधी स्वतःची चूक कबूल करते.

ता. क. शेवटचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. परीक्षेत चार मिनिटं एका अशा माणसाबद्दल बोलायचं असतं, ज्याच्याबरोबर आपण बरीच वर्षं राहिलो. मी अर्थातच तुमच्या धाकट्या दिरांची तयारी केली. ते पन्नास सेकंदांत संपले, मिशीसकट. म्हणून मी तुम्हाला घेतलं. इस्त्रीवाली घड्याळ घेऊन समोर बसली. अडीच मिनिटं मी थांबले नाही. तुम्ही पातेलं कसं घासता, रागावलात की पदर कसा खोचता, माझ्या बाळंतपणात तुम्ही चाळीस दिवस जमिनीवर कशा झोपलात. मग तिने विचारलं, त्या घरात येण्याआधी ही बाई कोण होती? आणि तिला घड्याळ थांबवावं लागलं. शब्द अडले नाहीत, मला माहीतच नव्हतं. तुम्हाला काय व्हायचं होतं, तुमची मैत्रीण कोण होती, लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का, काहीच माहीत नाही. बावीस वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो आणि मी कधी विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं आहे. पत्राला नऊ दिवस लागतात, तेव्हा हे मिळेल त्याच दिवशी लिहायला बसा, फोन करू नका, आणि ‘माझं काय विशेष’ असं लिहून एका ओळीत उरकू नका. दीड मिनिट कमी पडतं आहे. पण तेवढंच नको, सगळं लिहा. परीक्षेत मावणार नाही ते मी माझ्यापाशी ठेवीन. कुठून सुरुवात करावी सुचलं नाही तर माहेरच्या घरात तुम्ही कुठल्या कोपऱ्यात झोपायचात, तिथून करा.