रोह्याची लेथ पेणला नांदेना

पेण,
खंडेनवमीचा आदला दिवस, १९९४

तीर्थरूप मामांच्या चरणी त्र्यंबकचा नमस्कार. (वाकूनच करतो आहे. मात्र या वाकण्यात भक्ती थोडी आणि कंबर जास्त. का ते पुढे येईल.) मामींचा खोकला उतरला का? तुमची नवी कवळी तोंडात बसली, की अजून सदऱ्याच्या खिशातच राहते? इकडे श्यामला खुशाल आहे आणि मी कसा आहे हे तिलाच विचारलेलं बरं, कारण हल्ली ते ती शेजारणींना फार रंगवून सांगते.

मला पितळेचं, टेबलावर मावेल असं, वाफेवर चालणारं इंजिन घरी बनवायचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कशासाठी, असं मात्र विचारू नका. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरात काहीतरी गरगर फिरताना दिसावं, एवढीच इच्छा. त्यासाठी मुंबईला नागदेवी स्ट्रीटच्या खेपा करून कानशी आणल्या, व्हर्नियर आणला, आटे पाडायच्या टॅप-डायचा संच आणला आणि हत्तीच्यानेही हलणार नाही असा व्हाइस आणून मागच्या पडवीत ठोकला. यांतला व्हाइस तेवढा रोज वापरात आहे. श्यामला त्यात नारळ धरून सोलते. (तिचं म्हणणं, आजवर मी घरात आणलेली ही पहिली उपयोगाची वस्तू. लग्नानंतर मी तिला शिलाई मशीन आणलं होतं, पण तेही मीच उघडून बसलो होतो ना.)

राहता राहिली लेथ, म्हणजे धातू फिरवून कातणारी मशीन. आमच्या बँकेतल्या पुष्करने खबर आणली की रोह्यात नाथा मिस्त्री म्हणून टर्नर होते, ते वारले, वर्कशॉपचं शटर पडलं आणि मशीन आत तशीच आहे. त्यांची बायको धोंडुबाई विकायला तयार आहे. मी रजा टाकून यष्टीने रोहा गाठलं. जाताना वहीत प्रश्न लिहून नेले होते: बेड झिजलाय का, चकचे जबडे सारखे धरतात का, गिअरचे दात शाबूत आहेत का. मामा, त्यातला एकही प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. मी मशीन बघायला गेलो होतो आणि धोंडुबाई मला बघत होती! मला स्टुलावर बसवलं, पोहे दिले आणि उलटतपासणी सुरू. घर स्वतःचं का? पडवी गळते का? दारू? बायको तापट आहे का? (इथे मी जरा घुटमळलो.) “माजी लेक हाय ती,” मशीनवरचं गोणपाट सारून बाई म्हणाली, “भंगारवाल्यांनी दोनदा मागनी घातली. त्यांच्या घरी नाय द्यायची मला.” मी माझ्या लग्नातसुद्धा इतका घामाघूम झालो नव्हतो. शेवटी पसंत पडलो. बाईने मशीनला हळदकुंकू लावलं, हँडलला खण बांधला आणि टेंपोत चढवताना पदर डोळ्यांना लावला. मलाही उगाच भरून आलं. अर्धं भरून येणं आणि अर्धी कंबर, कारण त्याच क्षणी ती लचकली.

बाईची अट एकच. मिस्त्री दर खंडेनवमीला सकाळी मशीन थोडी फिरवायचे आणि मग पुसून, तेल घालून पूजा करायचे. यंदा पूजेला ती स्वतः येणार आणि मशीन फिरली नाही तर माघारी नेणार. मी छाती पुढे काढून होकार दिला. घरी आल्यावर वायरमनला बोलावलं. त्याने मोटरवरची पाटी वाचली, माझ्या मीटरकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं आणि चहा मागितला. मोटर थ्री फेजची, घरात सिंगल फेज! पोह्यांच्या नादात, मामा, मशीन वीज कुठली खाते हेच विचारायचं राहिलं. थ्री फेजच्या जोडणीसाठी अर्ज केला आहे, पण अर्जाला पाय नसतात. मोटर बदलू का म्हणून धोंडुबाईला निरोप धाडला, तर उलटा निरोप आला: सून आनली नि तिचं काळीज बदलाया निगाला?

आणि काल ती आली. दोन दिवस आधीच, न कळवता, पिशवीत झेंडूची फुलं घेऊन. पडवीत गेली, चकवर हात ठेवला, म्हणाली, “थंड पडलीय गो.” मी अर्ज, फेज, वायरमन, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बंद मशीनला हार मी घालनार नाय. फोटोला घालते तेवढा पुरे हाय.” घरात मिस्त्री गेल्यापासून आवाज नाही, दुपारी कान दुखतात, असं काहीसं ती श्यामलाशी बोलत राहिली. श्यामला, जी माझ्या लेथला सवत म्हणते, ती पदराने चकवरची धूळ पुसत होती. मला वाईट वाटलं, मामा. इंजिनाचं नव्हे. इंजिन गेलं खड्ड्यात.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक

ता. क. कासूला तुमची पिठाची गिरणी थ्री फेजवर चालते, नाही का? गिरणीमागची तांदळाच्या पोत्यांची खोली म्हणे रिकामीच असते. मी आपलं सहज विचारलं.

ता. क. २. “मामांनी कधीच होकार दिलाय” असं मी काल धोंडुबाईला सांगून बसलो. तिने तिथल्या तिथे देवाला साखर ठेवली. नकार द्यायचा असेल तर कृपया तुम्ही स्वतः द्या. माझ्याने होणार नाही.

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. देणारा तो शिवा टेंपोवाला. पुढच्या सीटवर फुलांची पिशवी घेऊन बसलेली बाई म्हणजे धोंडुबाई. आधी तिला पाणी द्या.

ता. क. ४. तोंडी विचारलं तर तुम्ही अर्ध्यातच ‘नाही’ म्हणता. लेखी मात्र हेडमास्तरकीच्या सवयीने शेवटपर्यंत वाचता, म्हणून हा खटाटोप. तर वाचून झालं असेल आणि उत्तर ‘हो’ असेल, तर मागे येऊन ताडपत्री उचला. मशीनला धरून मी आतच बसलो आहे आणि फार उकडतं आहे.