चंद्रीच्या वाटची पावडर

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सांडोर.

उद्या गुरांच्या डॉक्टरीणबाई येणार.

महिन्यापूर्वी त्यांनी पावडर दिली, आणि रोज दिल्याची खूण करायला दोघींच्या रकान्यांचा एक कागद. म्हशीच्या ढेकरातून हवा तापवणारा वायू निघतो, तो हिने कमी होतो म्हणे. पण माझ्या दोन म्हशींपैकी द्यायची फक्त गौरीला. चंद्रीला नाही, म्हणजे दोघींतला फरक मोजता येईल. मी मान डोलावली. आणि पहिल्या दिवसापासून दोघींना देत आलो.

काय करणार? दोघी शेजारी बांधलेल्या. गौरीच्या घमेल्यात पावडर कालवली की चंद्री नुसती बघत राहते. ते बघणं मला सोसत नाही.

आज घरात सांगितलं. मुलगा टेम्पोत डिझेल भरून आला होता. म्हणाला, "आप्पा, डिझेलवर कर आहेच, उद्या ढेकरावर लागेल. तुमच्यापासूनच सुरुवात करतील." सून म्हणाली, "गप्प बसा. कागदावर चंद्रीचा रकाना कोराच आहे ना, तसाच द्या."

तसाच कसा देऊ? त्यावरून बाकीच्यांच्या म्हशींना पावडर द्यायची का ते ठरणार. माझ्या खोट्यावर?

बाईंची महिन्याची मेहनत फुकट गेली, हे खरं. रागावतील, यादीतून माझं नाव काढतील. काढू देत. डिझेलवरचा कर सगळ्यांना सारखा, मग पावडर एकीलाच का? फरक मोजायचा तर दुसरा गोठा शोधा. चंद्रीचं ते बघणं त्यांच्या यंत्रात येत नाही.

चौथी शिकलोय, पण खूण करता येते. चंद्रीच्या रकान्यात महिन्याभराच्या सगळ्या खुणा आत्ताच केल्या, पेनाने. आता मलाही खोडता येणार नाहीत.