कुरुव्हिळाकाकांचा सोन्याचा क्रूस

ती. कुरुव्हिळाकाकांना वर्कीचा आदरपूर्वक नमस्कार. येशूची स्तुती असो.

बहरीनमध्ये आपले गुडघे कसे आहेत? इकडे अन्नम्माकाकू ठणठणीत आहेत, आपली गाय व्यायली, आणि आपली लेक एलिक्कुट्टीही मजेत आहे (मी तिच्याकडे बघत नाही, लोक सांगतात). चर्चच्या सणाला आपण येणारच. त्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं एवढीच घाई.

यंदा सणाची साफसफाई फादरनी माझ्या गळ्यात मारली. आपण आपल्या आईच्या स्मरणार्थ दिलेला, सोन्याच्या मुलाम्याचा, मिरवणुकीत सर्वांत पुढे असणारा क्रूस धुराने पार काळवंडला होता. चिंच लावली, राख लावली, ढिम्म. मग रबराचा चीक गोठवायचं ॲसिड आठवलं (फॉर्मिक, लाल मुंगी चावते तेव्हा हेच टोचते, म्हणजे ईश्वराचीच निर्मिती). चमचाभर पाण्यात मिसळून घातलं की चिकाचा सकाळी खरवस होतो. कातडी कमवायला चालतं, वैरण टिकवायला चालतं, मग देवाच्या कामाला का चालू नये? ॲसिड पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे आमच्याकडे प्रार्थनेच्याही आधी शिकवतात. पण चर्चचे सेवक मत्तायीदादा मदतीला धावले आणि व्हिनेगर आहे का बघायला त्यांनी बाटलीलाच नाक लावलं. मग विहिरीवर डोळे धूत ते बराच वेळ सगळ्या संतांना नावानिशी हाका मारत होते. त्या गडबडीत पाणी राहिलंच, नुसतं ॲसिड क्रूसावर ओतलं गेलं (थेंब मनगटावर उडाला, टपोरा फोड आलाय, पण माझं काय एवढं). हात धुऊन परत येऊन बघतो तर आपलं सोनं पापुद्रे होऊन घमेल्यात तरंगतंय आणि खाली लख्ख पितळ. काका, या ॲसिडने सोन्याचा केससुद्धा वाकडा होत नाही. रंगाचं मात्र काही खरं नसतं.

तेवढ्यात मत्तायीदादा डोळे पुसत आले. "वर्की, हे काय रे? सोनं विरघळलं?"

"दादा, तुमचे डोळे अजून चुरचुरतायत," मी म्हटलं, "घरी जाऊन पडा बघू."

क्रूस गोणपाटात गुंडाळून आमच्या धूरघरात वाळत घातलेल्या रबराच्या शीटांमागे टांगलाय. तिथे कुणी फिरकत नाही.

आपला आज्ञाधारक,
वर्की

ता. क. माझ्या अप्पांना आपण मागे निरोप धाडला होता, की ज्याच्या अंगाला ॲसिडचा वास येतो त्याच्या घरात माझी पोर देणार नाही. त्या मताचा सणाआधी फेरविचार व्हावा. सोनेरी रंगाचा डबा आणून ठेवलाय. ब्रश कधी उचलू ते कळवावं.

आणखी ता. क. पोरगा फार शहाणा झाला, असं आपण म्हणाल. तसं नाही. ॲसिड लाव, आणि पाणी मुळीच घालू नकोस, हे मला एलिक्कुट्टीने सांगितलं. आपण क्रूस रंगवलात त्या दिवशी ब्रश रॉकेलने धुवायला आपण तिलाच दिला होता, आठवतंय का?