पाच निघाल्या

मी, कचरू सांडू दांडगे, वय एकसष्ट, धंदा मांडव-डेकोरेशन, राहणार मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, छत्रपती संभाजीनगर, सर्वांना जय भीम करून लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते पोटात. कुणाच्या दबावाखाली किंवा नशेत लिहीत नाही. नशा करायला जिभेला चव तर पाहिजे!

एक. राहतं घर माझ्या पश्चात माझी बायको लीलाबाई हिचं. ती आहे तोवर मुलगा संघपाल व मुलगी निशा यांनी घर विकायचा विषयही काढू नये. तिच्यानंतर दोघांना निम्मं-निम्मं. बँकेतली ठेव एकट्या निशाची. संघपालला धंदा मिळतोय, त्यानं तोंड वाकडं करू नये.

दोन. गोडाऊनमधले बांबू, कनाती, पडदे, पहारी आणि दोराची बंडलं संघपालला. अट एकच, मांडवाला सुरगाठ मारायची. ती वाऱ्याला दाद देत नाही, आणि काम झाल्यावर टोक ओढलं की सुटते. निरगाठ मारली की दुसऱ्या दिवशी विळा घ्या, दोर कापा. पोरा, तू घाईत निरगाठ मारतोस. मी बघितलंय.

तीन. माझा धाकटा भाऊ कडूबा यानं माझ्या बांबूला हात लावू नये. त्यानं माझ्यासमोरच लोखंडी पाइपांच्या मांडवाचा धंदा टाकला आणि कन्नडला एका लग्नात चारचौघांत म्हणाला, "दादाचा मांडव म्हंजी पाळणाच, लई हलतो." अरे, हलतो म्हणूनच मोडत नाही! तरी मयतीला त्यानं यावं, आणि मागं तोंड लपवत उभं न राहता पुढं बसावं. पाठचा भाऊ आहे, काय करणार.

चार. गेल्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा आणि त्याच्या भोवतीच्या गाठी तपासायला गेल्या. आठवड्यानं दवाखान्यातून फोन आला, तो स्पीकरवर होता. तिकडून बाई म्हणाली, "अठरा गाठी तपासल्या, पाच निघाल्या." लीलाबाईनं हात जोडले. "निघाल्या! पाचच्या पाच निघाल्या!" म्हणाली आणि गल्लीभर पेढे वाटून आली. मीही दोन खाल्ले. निघाल्या म्हणजे गेल्या, माणूस दुसरं काय समजणार?

मग संघपालला घेऊन डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "काका, या गाठी सगळ्यांनाच असतात. तुमच्या अठराही काढल्या, पण त्यातल्या पाचांत कॅन्सर निघाला. म्हणजे तो आतड्याच्या बाहेर पडलाय. एकाही गाठीत नसता तर गोष्ट वेगळी होती. चार किंवा जास्त गाठींत सापडला की परत यायची भीती वाढते."

"पण साहेब, काढल्या ना गाठी? मंग?"

"काढल्या. पण त्याच्याही पुढं काही गेलं असेल, तर ते आज दिसत नाही."

केमो घेतली. दिवाळीनंतर लिव्हरमध्ये दिसलं.

हे लीलाबाईला अजून कुणी सांगितलेलं नाही. संघपाल म्हणतो, निशा सांगेल. निशा फोनवर रडते आणि म्हणते, भाऊ सांगेल. मी सांगायला तोंड उघडतो आणि चहा मागतो. ती केमोला ताकदीचं सलाईन म्हणते. त्या सलाईननं माझी बोटं बधिर झाली. परवा सुतळीला सुरगाठ मारायला गेलो तर झाली निरगाठ. माझ्या हातानं! किती वेळ सोडवत बसलो. नाही सुटली.

पाच. म्हणून लिहितो. मी गेल्यावर निशानं आईला जवळ घेऊन 'निघाल्या' म्हणजे काय ते सांगावं. पेढ्यांवरून तिला कुणी हसलं तर त्याला माझ्या घराची पायरी बंद. ती विचारेल, मला का नाय सांगितलं? तिला सांगा, त्याला जमलं नाही. लई भ्याला.

सही करण्याआधी आणखी एक लिहितो. आत्ता साक्षीदार आले तशी लीलाबाई बाहेर आली. "कसला कागद व्हय?" मी म्हणालो, गोडाऊन संघपालच्या नावावर करतोय. "मंग तोंड गोड करा की!" म्हणून तिनं पेढे आणले. दोघं साक्षीदार पेढा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. खा म्हणालो. माझा पेढा तिनं मोडला. "तुमी अर्धाच खा," म्हणाली. "गाठी निघाल्या म्हून काय झालं, पोट अजून नाजूक हाय."

अर्धा खाल्ला. कलम पाच आहे तसंच ठेवून सही करतो.

सही : कचरू सांडू दांडगे

आम्हां दोघांसमक्ष सही झाली, म्हणून आमच्या सह्या :
१. मेघा (शेजारीण)
२. गोकुळ (टेम्पोवाला)

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५