साळ्यासोबत कॅम्पेन

५ जानेवारी
वर्षाली अकोल्याले गेली, माहेरी. कारण फालतू. मी गेम खेळून राहिलो होतो. या गेममध्ये आपला सोल्जर मागून दिसतो. ती चहा घेऊन उभी. म्हणे, तुमाले त्याची पाठ दिसते, मले लग्न झाल्यापासून तुमचीच दिसून राहिली. म्हटलं, थांब, भिंतीमागं लपू दे. वळलो तं चहा होता, ती नव्हती.
संकल्प : गेम बंद.

६ जानेवारी
बंद करणं घाईचं होईल. प्लॅन सुचला. गेममध्ये को-ऑप आहे, दोघं मिळून पूर्ण कॅम्पेन, पहिल्या मिशनपासून शेवटच्यापर्यंत, खेळता येतं. साळा धर्मेंद्र अकोल्यात, त्याच्याकडेही हाच गेम. साळा खुश तं त्याची बहीण खुश. आता खेळणं संसारासाठी.

९ जानेवारी
पहिलं मिशन. लीडर मी. धर्मेंद्र म्हणे, जिजाजी, तुमी मलेच गोळ्या मारून राहिले. म्हटलं, गर्दीत होतं असं. हेडफोनमध्ये मागून वर्षालीचा आवाज आला. कोणासोबत बोलून राहिला, विचारे. यानं सांगितलं, जिजाजी. त्यावर ती काहीच बोलली नाही. म्हणजे राग उतरला.

१४ जानेवारी
संक्रांत. वर्षालीले फोन करणार होतो. पण मिशन मधात सोडलं तं सेव्ह होत नाही. धर्मेंद्रले म्हटलं, ताईले माझ्याकडून गोड बोल. तो म्हणे, तुमीच बोला ना. पोराले टीमवर्क समजत नाही.

१९ जानेवारी
धर्मेंद्र जखमी होऊन पडला. जिजाजी, उचला, उचला. मी बंदूक बदलून राहिलो होतो. मेला. म्हणे, ताई बरोबर सांगते. काय सांगते, विचारलं. म्हणे, जाऊ द्या. म्हणजे घरात माझा विषय निघतो. चांगलं चिन्ह.

२५ जानेवारी, संध्याकाळ
प्लॅन यशस्वी. वर्षाली स्वतः हेडफोनवर आली. फक्त वेळ चुकली, समोर टँक. म्हणे, मले इथं शाळेत नोकरी मिळून राहिली. तुमी या, समोर बसून बोला, घरी चल म्हणा, मी नोकरी नाही घेत. म्हटलं, दोन मिनिटं थांब. टँक फुटला. मग हॅलो म्हटलं. धर्मेंद्र म्हणे, ताई आत गेली. रडून राहिली का, विचारलं. म्हणे, नाही, साडीले इस्त्री करून राहिली.

२६ जानेवारी
संकल्प : आजच अकोला. बॅग भरली. पण गेमचं अपडेट चालू होतं, मधात लाईट गेली तं सारं पहिल्यापासून. उद्या.

६ फेब्रुवारी
गेलो. धर्मेंद्रनं दार उघडलं. म्हणे, ताई शाळेत गेली, पाचपर्यंत येईल. बसलो. काय बोलायचं ते मनात पक्कं केलं. पाचले वेळ होता. त्याचा टीव्ही मोठा. शेवटचंच मिशन राहिलं होतं.
कॅम्पेन पूर्ण झालं. धर्मेंद्रले टाळी द्याले हात वर केला, त्यानं दिली नाही. बाहेर अंधार पडून राहिला होता. दाराजवळ वर्षालीच्या चपला. आतल्या खोलीले कडी. ती कधी आली, समजलंच नाही.
दारापाशी गेलो. म्हटलं, वर्षाली, झालं माझं खेळून.
आतून म्हणे, माझंही झालं.
धर्मेंद्रनं स्टँडपर्यंत ऑटो करून दिला.