ओट्यावरचं बसणं

आई, परवा दिंडोरीला गेले होते. आपल्या गल्लीत नाही, गावाबाहेरच्या द्राक्षबागेत, कामासाठी. मी बँकेत लागावं असं तुला वाटायचं, मी लागले आकडे गोळा करायला. सध्याचं काम असं, की वेगवेगळ्या देशांत मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला कोण शिकवतं याची एकसारखी मोजदाद करायची. कुठे ते नगरपालिका करते, कुठे चर्च, कुठे कामगार संघटना. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं तर आधी माप ठरायला हवं. ते ठरलं: वर्गाला नाव हवं, वेळ नेमलेली हवी आणि शिकणाऱ्याला आपण शिकतोय हे ठाऊक हवं. गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात, एसीत बसून, हे अगदी बरोबर वाटतं.

बागेत विरळणी चालली होती. बायका घडातले जादा मणी काढत होत्या. त्यातली एक म्हातारी सावलीला टेकली होती, तिला विचारलं, मोठेपणी कुठल्या वर्गात शिकलात का. "नाय बा. आमी कुठं शिकलो." मी 'नाही' नोंदवलं. तेवढ्यात तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्यावरचं तुझं-माझं आडनाव वाचलं. अक्षराला अक्षर लावत, पण नीट. "तू बाईंची लेक का गं?" मी म्हटलं, "मावशी, वाचायला कुठे शिकलात?" ती म्हणाली, "बाईंच्या ओट्यावर बसायचो की दुपारचं. त्याला काय शिक्षण म्हणतात का? बसणंच व्हतं ते."

तो ओटा मला अजून दिसतो. बायका सुपात तांदूळ घेऊन निवडायला येतात. तू सुपातले तांदूळ पसरतेस, बोटाने 'ग' काढतेस, त्या गिरवतात. कुणाची सासू कोपऱ्यावर दिसली की सूप हलतं, अक्षर जातं आणि खडे निवडणं सुरू होतं. एकदा मी पिठाच्या गिरणीत मोठ्या तोऱ्यात सांगून आले, की आमच्या ओट्यावर बायकांची शाळा भरते. दुसऱ्या दिवसापासून दोघी यायच्या बंद झाल्या. तू मारलं नाहीस. दार लोटून एवढंच म्हणालीस, "शाळा म्हटलं की यांना कोंडून घालतात. बसायला जाते म्हटलं की कुणी विचारत नाही. तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही." मला तुझा फार राग आला होता. इतकं चांगलं काम लपवायचं कशाला, असं वाटायचं.

इतकं बेमालूम लपवलंस, की आता शिकलेलीच म्हणते, मी शिकले नाही. घरी आल्यावर तिचं उत्तर बदलायला बसले. तिला 'हो' लिहिलं तर प्रत्येक देशातले असे ओटे शोधावे लागतील, आणि त्यांची तुलना कुणी कशाशी करायची? 'नाही' तसंच ठेवलं. अहवालात दिंडोरी येईल, तू येणार नाहीस. जीव तुटतो गं. हे पत्र मी कुणाला दाखवणारही नाही. तुझा शब्द पाळला, त्याला शाळा म्हटलं नाही, अशी मनाची समजूत घालते आहे. पण शिकणाऱ्याला आपण शिकतोय हे ठाऊक हवं, ही अट त्या मापात मीच घातली होती.