उन्हात पारखलेला काळा झगा

लाइपझिग, पेंटेकॉस्टच्या सणाचा शनिवार

लाडक्या आईला वीबकेकडून खूप खूप प्रेम.

मी वेळेवर जेवते आणि लोकरी मोजेही घालते, तेव्हा ती काळजी सोड. तुझा गुडघा कसा आहे?

उदास संगीतावर नाचणाऱ्या गॉथ लोकांच्या मेळाव्यामुळे शहर काळ्या कपड्यांनी भरलंय, आणि ते चांगले कुठे मिळतात हे मला आत्ता कळलं. भपकेबाज दुकानातला नवा काळा झगा आणि शाल घालून मी मिरवत होते. स्टेशनमागे जुने कपडे विकणाऱ्या लोरेंझबाईंनी मला दंडाला धरून दारात उन्हात उभं केलं.

"अगं, झगा हिरवट आणि शाल तांबूस! दिव्याखाली सगळंच काळं दिसतं, पोरी. काळं घ्यायचं ते उन्हात बघून."

सत्तरीच्या बाई, ओठ काळे रंगवलेले, आणि कापडाची पारख अशी की बघत राहावं! त्यांच्याकडचे सर्वांत देखणे झगे विधवांचे असतात. दुखवटा संपला की बायका स्वतः आणून देतात.

"टाकवत नाही आणि ठेववतही नाही," बाई म्हणाल्या. "मग इथल्या पोरी ते घालून नाचतात."

तू म्हणायचीस, काळं हौसेनं घालायचं नसतं. पण आई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि हेन्नेकाका सांगतो की तू अजून रोज तोच दुखवट्याचा काळा झगा घालतेस. धुऊन धुऊन तो तपकिरी पडला असेल. मला पाठव. मी तो पुन्हा काळा रंगवीन आणि घालून नाचेन.

तू बाबांनी आणलेला निळा स्वेटर काढ. आधी उन्हात धरून बघ, निळा अजून तसाच असेल.

तुझीच,
वीबके